कोटाच्या अस्तरातला कागद



नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा महिना. २ तारखेला आपण सारे दफनभूमीत जमतो. कबरी स्वच्छ करतो, फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो. फादर पवित्र पाणी शिंपडत पुढे जातात आणि आपण आपापल्या माणसांच्या नावापाशी उभे राहतो. त्या अर्ध्या-पाऊण तासात मनात असे काही प्रश्न येऊन जातात, ज्यांना आपण एरवी वर्षभर दाराबाहेर उभे केलेले असते. आपला माणूस आता कुठे आहे? त्याचे प्रेम, त्याच्या आठवणी, त्याचा रागसुद्धा, हे सगळे मातीबरोबर मातीत गेले का? आणि आम्हीही एक दिवस इथेच येणार असू, तर ही रोजची धावपळ नेमकी कशासाठी? मग फाटकाबाहेर कुणीतरी ओळखीचे भेटते, लग्नाच्या तारखांचा विषय निघतो, आणि ते प्रश्न पुढच्या नोव्हेंबरपर्यंत तिथेच राहतात.

या प्रश्नांना बगल न देता जगलेल्या एका माणसाची ओळख आज करून घेऊ या. त्याचे नाव मोठ्यांपेक्षा आपल्या शाळकरी मुलांना अधिक ठाऊक असते. विज्ञानाच्या पुस्तकात दाबाचे एकक म्हणून जो ‘पास्कल’ येतो, तोच हा. गॅरेजमध्ये छोट्याशा जॅकने अख्खी गाडी उचलली जाते ती त्याच्याच नियमाने, आणि गणितातला पास्कलचा त्रिकोण त्याच्याच नावाचा. मात्र आयुष्याच्या शेवटच्या काही वर्षांत हा माणूस माणसाच्या जगण्या-मरण्याविषयी काय लिहीत होता, हे पाठ्यपुस्तकात येत नाही.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. ब्लेझ पास्कल हा संत नाही. ख्रिस्तसभेने त्याला वेदीचा मान दिलेला नाही. उलट त्याचे एक पुस्तक निषिद्ध ग्रंथांच्या यादीत गेले होते. असे असूनही १९ जून २०२३ रोजी त्याच्या जन्माला ४०० वर्षे पूर्ण झाली, तेव्हा पोप फ्रान्सिस यांनी त्याच्यावर एक खास प्रेषितीय पत्र लिहिले. मानवाची थोरवी आणि त्याचे दैन्य असा त्या पत्राच्या शीर्षकाचा अर्थ. पास्कलने ज्या येशूसंघीयांवर कडक टीका केली होती, त्याच संघातून आलेले हे पहिले पोप! २१ एप्रिल २०२५ रोजी ते देवाघरी गेले. त्यांच्या या पत्राकडे आपल्याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही, म्हणून मुद्दाम आठवण करून देत आहोत.

पास्कलचा जन्म १९ जून १६२३ रोजी फ्रान्समधील क्लेरमाँ या गावी झाला. वडील एतिएन हे करविभागातले मोठे सरकारी अधिकारी आणि स्वतः गणिताचे जाणकार. थोरली बहीण जिल्बेर्त, धाकटी जॅकलिन. ब्लेझ तीन वर्षांचा असताना आई वारली. वडिलांनी दुसरे लग्न केले नाही. १६३१ साली ते तिन्ही मुलांना घेऊन पॅरिसला आले आणि मुलाला त्यांनी स्वतःच शिकवले. हा मुलगा कधी शाळेत गेला नाही. जिल्बेर्तने पुढे भावाचे चरित्र लिहिले. त्याच्या घरातल्या गोष्टी आपल्याला कळतात त्या बहुतेक तिच्यामुळे. बहिणीची माया त्यात असणारच, हे धरून ते वाचावे.

ती सांगते की, गणिताची गोडी लागली तर मुलगा भाषा शिकणार नाही, अशी वडिलांना भीती होती. म्हणून त्यांनी गणिताची पुस्तके कुलुपात ठेवली. बारा वर्षांचा ब्लेझ रिकाम्या वेळी फरशीवर कोळशाने आकृत्या काढू लागला. शब्द ठाऊक नव्हते, म्हणून रेषेला तो दांडी म्हणे आणि वर्तुळाला गोल. एके दिवशी वडील दारात येऊन उभे राहिले. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज दोन काटकोनांइतकी असते, हे मुलगा कुणी न शिकवता सिद्ध करत बसला होता. वडिलांच्या डोळ्यांत पाणी आले. त्यानंतर पुस्तके कुलुपात राहिली नाहीत. सोळाव्या वर्षी त्याने भूमितीवर लिहिलेला निबंध मोठमोठ्या गणितज्ञांच्या हातात गेला.

पुढे वडिलांची नेमणूक रुआन शहरी कर गोळा करण्याच्या कामावर झाली. तिथे रात्र रात्र हिशेब चाले. आपल्याकडच्या जुन्या माणसांना रुपये-आणे-पै आठवत असतील. एका रुपयाचे सोळा आणे, एका आण्याच्या बारा पै. फ्रान्समध्येही तसेच होते. एका लिव्रचे वीस सोल, एका सोलचे बारा दनिए. बेरीज करताना हातचा धरता धरता माणूस मेटाकुटीला येई. वडिलांचे हाल पाहून १६४२ च्या सुमारास, म्हणजे वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, पास्कलने दातेरी चाकांचे बेरीज-वजाबाकीचे यंत्र बनवायला घेतले. मनासारखे जमेपर्यंत त्याने पन्नासेक नमुने केले. त्या यंत्रांपैकी काही आजही संग्रहालयांत आहेत.

हे यंत्र करणाऱ्यालाच एक प्रश्न पडला, तो आजच्या दिवसांत फार जवळचा वाटतो. यंत्र हिशेब करते, म्हणजे ते विचार करते का? पास्कलने नोंदवून ठेवले की, जनावरे जे काही करतात त्यापेक्षा यंत्राचे काम विचाराच्या अधिक जवळ जाते. मात्र जनावराला काहीतरी हवे असते, यंत्राला काहीच हवे नसते. त्याला इच्छा नाही. आज मोबाईल आपल्याशी बोलतो, प्रश्नांची उत्तरे देतो, निबंध लिहून देतो. आपली मुले विचारतात, याला कळते का हो सगळे? पावणेचारशे वर्षांपूर्वी ज्याने हातांनी गणकयंत्र घडवले त्याचे उत्तर त्यांना सांगण्यासारखे आहे. ते यंत्र चुकले तरी त्याला वाईट वाटत नाही आणि बंद पडले तरी ते मेले असे होत नाही.

माणसाला मात्र आपण मरणार हे कळते. पास्कलच्या सगळ्या विचाराचे मूळ इथे आहे. नदीकाठच्या लव्हाळ्याइतका माणूस दुबळा, त्याला मारायला पाण्याचा एक थेंबही पुरे. पण सारे विश्व कोसळून त्याला चिरडू लागले, तरी चिरडला जाणारा अधिक थोर. कारण आपण मरतो आहोत हे त्याला ठाऊक असते, विश्वाला त्याची गंधवार्ताही नसते. माणसाची सारी प्रतिष्ठा या जाणिवेत आहे, असे त्याचे म्हणणे. म्हणून चांगला विचार करायला शिकणे हीच सद्वर्तनाची सुरुवात, असे तो मानत असे. धर्म म्हणजे डोके गहाण ठेवणे, असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

१६४६ च्या जानेवारीत वडील बर्फावरून घसरले आणि त्यांचे मांडीचे हाड जायबंदी झाले. हाड बसवण्यात निष्णात असलेले दोन भाऊ उपचारासाठी आले आणि तीन महिने घरात राहिले. भाविक, साधे, सेवाभावी. त्यांनी घरच्यांच्या हाती धार्मिक पुस्तके दिली आणि पास्कल कुटुंब खऱ्या अर्थाने श्रद्धेकडे वळले. ती पुस्तके बिशप जान्सेन यांच्या विचारांच्या मंडळींची होती. माणूस पापाने पार मोडला आहे, देवाच्या कृपेवाचून तो काहीच करू शकत नाही, हा त्यांचा भर. त्यांच्या काही शिकवणुकीला पोपमहोदयांनी पुढे चुकीचे ठरवले. त्या वादाच्या खोलात आम्ही इथे जात नाही. पॅरिसमधील पोर्ट रॉयल हा धर्मभगिनींचा मठ त्या मंडळींचे केंद्र होता, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

विज्ञानाचे कामही त्याच सुमारास जोरात होते. हवेला वजन असते की नाही, हा तेव्हाचा मोठा वाद. पास्कलने आपल्या मेहुण्याला पत्र लिहून क्लेरमाँजवळच्या पुई द दोम या डोंगरावर पाऱ्याची नळी घेऊन जायला सांगितले. १९ सप्टेंबर १६४८ रोजी तो प्रयोग झाला. खाली गावात मिनिम संघाच्या मठाच्या बागेत एक फादर दुसऱ्या नळीपाशी दिवसभर राखण करत बसले. त्यांच्या नळीतला पारा जागचा हलला नाही. डोंगरमाथ्यावर मात्र तो तीन इंचांहून जास्त खाली उतरला. वर हवा कमी, म्हणून दाब कमी! शास्त्राच्या इतिहासातल्या एवढ्या मोठ्या प्रयोगात एका मठवासी धर्मगुरूने दिवसभर पहारा केला, ही गोष्ट आम्हाला फार आवडते.

१६५१ च्या सप्टेंबरमध्ये वडील वारले. तीन आठवड्यांनी पास्कलने जिल्बेर्तला आणि तिच्या पतीला एक दीर्घ पत्र लिहिले. सेनेका, सॉक्रेटिस यांच्यासारखे तत्त्ववेत्ते अशा वेळी धीर देऊ शकत नाहीत, असे त्याने त्यात म्हटले. मरण ही निसर्गाची रीत आहे, सोसून घ्या, एवढेच ते सांगतात. त्याने खरे सांत्वन होत नाही. ख्रिस्ताला बाजूला ठेवून पाहिले तर मरण भयानकच दिसते. ख्रिस्ताच्या अर्पणात पाहिले तर ते आपल्या अर्पणाची पूर्तता ठरते. रडू नये असे मात्र तो म्हणत नाही. आपण देवदूत नाही, दुःख होणे योग्यच आहे, असे तो स्पष्ट लिहितो. त्याच पत्रात एक अगदी व्यवहारातली गोष्टही आहे. मृतांसाठी करण्यासारखे एक भरीव प्रेमाचे कृत्य म्हणजे, ते जिवंत असते तर त्यांनी आपल्याला जे करायला सांगितले असते ते करणे.

असे पत्र लिहिणारा माणूस घरात कसा वागला? इथे चरित्रकाराला थोडे अवघड होते. धाकट्या जॅकलिनला मठात जायचे होते. वडील असेपर्यंत ती थांबली होती. आता ब्लेझ तिला आणखी एक वर्ष थांब म्हणू लागला. आजारी, एकाकी भावाला ती जवळ हवी होती. ती थांबली नाही. १६५२ च्या ४ जानेवारीला भल्या पहाटे ती घराबाहेर पडली. आदल्या संध्याकाळी ही बातमी कळल्यावर तो आपल्या खोलीत निघून गेला आणि बहिणीला निरोपही दिला नाही. त्यानंतर तिच्या वाट्याच्या पैशांवरून कटकट झाली. वडिलांच्या मिळकतीतला तिचा हिस्सा मठाला द्यायला भाऊ आणि थोरली बहीण दोघेही तयार नव्हते. तिला फार दुःख झाले. मठाने मात्र हुंड्याशिवाय तिला घ्यायची तयारी दाखवली. मग १६५३ साली पास्कल नरमला आणि त्याने पैसे दिले. वडिलांच्या मरणावर इतके उत्तम लिहिणारा माणूस पुढे वडिलांच्याच मिळकतीसाठी बहिणीशी भांडला! आपल्यापैकी कुणी त्याला हसू नये. आपल्या वाड्यांत असे किती खटले चालू आहेत हे आपल्याला ठाऊक आहे.

त्यानंतरची दोन-तीन वर्षे तो पॅरिसच्या बड्या मंडळींत रमला. सरदार, उमराव, जुगारी. त्यातल्या एकाने त्याला विचारले: दोघे खेळत आहेत, डाव अर्ध्यावर मोडला, तर मधले पैसे कसे वाटायचे? पास्कलने तुलूझच्या फर्मा या गणितज्ञाशी १६५४ साली पत्रव्यवहार करून ते कोडे सोडवले. समजा, प्रत्येकाने ३२ मोहरा लावल्या. जो आधी तीन डाव जिंकेल त्याला सगळ्या, म्हणजे ६४. एकाचे दोन डाव झाले, दुसऱ्याचा एक, आणि खेळ थांबला. पुढचा डाव पहिल्याने जिंकला तर ६४ त्याच्या. हरला तर दोघे बरोबरीत आणि प्रत्येकाला ३२. म्हणजे ३२ तर त्याच्या कशाही आहेतच. उरलेल्या ३२ कुणाच्या हे अजून ठरलेले नाही, त्या निम्म्या निम्म्या कराव्यात. पहिल्याला ४८, दुसऱ्याला १६. अजून न घडलेल्या गोष्टीचे मोजमाप करण्याचे हे शास्त्र. आजचा विम्याचा सारा धंदा त्यावर उभा आहे.

नाव झाले, मित्र झाले, पण मन कशात लागेना. मठात जाऊन तो जॅकलिनला भेटू लागला. ज्या बहिणीला निरोपही दिला नव्हता, तिच्यापुढेच त्याने मन मोकळे केले. जगाचा वीट आला आहे, पण देवाकडेही ओढ वाटत नाही, अशी ती अवस्था. जगणे कोरडे पडावे आणि प्रार्थनाही कोरडी व्हावी, हा अनुभव आपल्यातल्या अनेकांना असेल. त्याबद्दल बोलायची मात्र लाज वाटते.

आणि मग २३ नोव्हेंबर १६५४, सोमवारची रात्र. साधारण साडेदहापासून मध्यरात्रीनंतर अर्ध्या तासापर्यंत काहीतरी घडले. काय घडले, हे त्याने कुणालाही, अगदी जॅकलिनलाही सांगितल्याचे दिसत नाही. त्याने कागद ओढून भराभर लिहिले. वर साल, तारीख, वार, त्या दिवसाच्या संताचे नाव, वेळ, सारे एखाद्या साक्षीदाराने जबानी द्यावी तसे. मग अग्नी हा एक शब्द. त्याखाली तुटक तुटक ओळी. आपल्याला भेटलेला देव पंडितांच्या युक्तिवादातला नव्हे, आब्राहामाच्या घराण्याला भेटलेला, येशू ख्रिस्ताचा देव आहे, असा त्यांचा आशय. खात्री, आनंद, अश्रू, आणि आपण त्याला सोडून दूर गेलो होतो याची कबुली. या कागदाचे पुढे काय झाले ते शेवटी सांगू.

१६५५ च्या जानेवारीत तो पोर्ट रॉयलला एकांतवासासाठी गेला आणि लवकरच एका मोठ्या वादात ओढला गेला. जानेवारी १६५६ ते मार्च १६५७ या काळात त्याने खोट्या नावाने अठरा पत्रे छापली. पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंसाठी तेव्हा नीतिशास्त्राची जाडजूड पुस्तके निघत. त्यांत एखाद्या कृत्याला कोणत्या परिस्थितीत पाप म्हणता येणार नाही, याचा कीस काढलेला असे. काही लेखकांनी त्याची हद्द केली होती. मनातला हेतू अब्रू राखण्याचा ठेवला तर द्वंद्वयुद्धात उतरता येते, मनातल्या मनात अर्धे वाक्य पुरे केले तर खोटी शपथ होत नाही, कुणा एका विद्वानाने एखादी गोष्ट चालते असे लिहिले असले की ती करायला हरकत नाही. पास्कलने या साऱ्याची इतकी टर उडवली की पॅरिस हसत सुटले. पुस्तक निषिद्ध यादीत गेले आणि १६६० मध्ये राजाज्ञेने जाळले गेले.

यात न्याय किती आणि अन्याय किती? आमचे मत असे की, दोन्ही होते. निवडक उतारे काढून त्याने सगळ्या येशूसंघाला झोडपले, हे बरोबर नव्हते. त्याच शतकात त्या संघाचे धर्मगुरू कॅनडात हालअपेष्टा सोसून रक्तसाक्षी झाले. त्याच संघाच्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली आपल्या भाषेला ‘ख्रिस्तपुराण’ दिले. पण मूळ दुखणे खरे होते. १६७९ साली पोप अकरावे इनोसंट यांनी अशा ढिल्या नीतीची ६५ विधाने त्याज्य ठरवली. किती केले तर पाप लागत नाही, असा हिशेब घेऊन देवापुढे जाणाऱ्या माणसाला देवावर प्रेम करायचेच नसते, हा पास्कलचा आक्षेप होता. ती सवय काही फक्त फ्रान्सची नाही. मिस्सेला किती उशिरा पोहोचले तरी मिस्सा झाली असे धरतात, हा प्रश्न आपल्याकडेही धर्मशिक्षणाच्या वर्गात दर वर्षी येतो.

पत्रांचा हा गदारोळ चालू असतानाच, २४ मार्च १६५६ रोजी, घरात एक नवल घडले. जिल्बेर्तची दहा वर्षांची मुलगी मार्गरीट पोर्ट रॉयलच्या मठात शिकत होती. डोळ्याच्या कोपऱ्यात तिला वाहती जखम होती. प्रभूच्या काटेरी मुकुटातला म्हणून जतन केलेला एक काटा मठात आला होता, तो डोळ्याला लावल्यावर ती बरी झाली. चौकशी होऊन पॅरिसच्या धर्मप्रांताने तो चमत्कार मान्य केला. ज्याने आयुष्यभर नळ्या, पारा आणि आकडे तपासले, त्या मामावर याचा खोल परिणाम झाला. श्रद्धा न ठेवणाऱ्यांसाठी एक मोठा ग्रंथ लिहायचे त्याने मनावर घेतले.

तो ग्रंथ पूर्ण झाला नाही. १६५९ पासून आजार इतका वाढला की सलग काम करणे अशक्य झाले. अठराव्या वर्षापासून दुखण्याशिवाय एकही दिवस गेला नाही, असे तो घरी सांगत असे. सुचेल ते कागदांवर लिहायचे, कागद कापायचे, विषयवार दोऱ्यात ओवून जुडगे करायचे, असा क्रम चालला. त्याच्या मृत्यूनंतर १६७० साली ते तुकडे ‘विचार’ या अर्थाच्या नावाने छापले गेले.

त्यातला सर्वांत बोचणारा भाग करमणुकीवर आहे. लोक सशाच्या मागे दिवसभर घोडे का पिटाळतात? तोच ससा बाजारातून आणून दिला तर त्यांना नको असतो. त्यांना हवी असते ती धावपळ. कारण खोलीत एकटे, काही न करता बसले की माणसाला स्वतःची रिकामी जागा दिसते, मरण दिसते. ते दिसू नये म्हणून आपण खेळ, युद्ध, गप्पा, मोठमोठ्या नोकऱ्या मागे लावून घेतो. राजासुद्धा एकटा सोडला तर दुःखी होतो, म्हणून त्याच्याभोवती त्याला रमवणारे लोक असतात. हे वाचून आम्ही मोबाईल बाजूला ठेवून पंधरा मिनिटे गप्प बसून पाहिले. आठव्या मिनिटाला हात खिशाकडे गेला.

दुसरा गाजलेला भाग पैजेचा. देव आहे किंवा नाही. डाव तर लावावाच लागतो, कारण जगणे म्हणजेच डाव लावणे. न खेळण्याची सोय नाही. देव आहे असे धरून जगलो आणि तो असला, तर लाभ अनंत. नसला, तर गमावले ते मोजके. हा देवाशी केलेला सौदा वाटतो ना? आम्हालाही आधी तसेच वाटले होते. पण हे बोलणे कुणासाठी आहे ते पाहावे. ते जुगारी मित्रांसाठी आहे, त्यांच्याच भाषेत. शिवाय पास्कल तिथे थांबत नाही. डोक्याला पटले, तरी मन विश्वास ठेवत नाही, मी काय करू, असे मित्र विचारतो. उत्तर असे की, आणखी पुरावे गोळा करत बसू नकोस, आपले विकार कमी कर. श्रद्धावान लोक करतात तसे कर. पवित्र पाणी घे, मिस्सा सांगायला लाव. त्यात तू प्रामाणिक, नम्र, कृतज्ञ होशील. यात तुझे काय नुकसान? देवाची ओळख बुद्धीने नव्हे, अंतःकरणाने होते आणि अंतःकरणाची कारणे बुद्धीला उमगत नाहीत, अशी त्याची धारणा होती. आपल्या घरात मिस्सेला न येणारी तरुण मुले असतील, तर वाद घालण्याआधी हा भाग वाचावा.

१६६१ च्या ४ ऑक्टोबरला जॅकलिन मठात वारली. वय ३६. जान्सेन यांच्या शिकवणुकीविरुद्धच्या जाहीरनाम्यावर सही करण्याच्या सक्तीने तिचे मन फार दुखावले होते. बातमी कळल्यावर, असे चांगले मरण देव आपल्याला देवो, एवढीच इच्छा पास्कलने व्यक्त केली. शोक करणाऱ्या जिल्बेर्तलाही त्याने आवरायला सांगितले.

शेवटच्या वर्षात त्याने केलेली एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. ठरलेल्या मार्गावरून, ठरलेल्या वेळी, पाच सोल भाडे घेऊन धावणाऱ्या घोडागाड्या ही त्याची कल्पना. १८ मार्च १६६२ रोजी पॅरिसमध्ये पहिली गाडी सुटली. आजच्या शहर बससेवेची ही सुरुवात. ब्लुआच्या भागात लोक उपाशी होते, त्यांना पाठवण्यासाठी या धंद्यातून हजार रुपयांसारखी रक्कम आगाऊ मिळवण्याची त्याने धडपड केली होती. दुर्दैव असे की, सैनिक, नोकरचाकर आणि मजूर यांना या गाड्यांत बसायला न्यायालयाने बंदी घातली.

त्याने आपल्या घरात एका गरीब कुटुंबाला आसरा दिला होता. त्यांच्या मुलाला देवी आल्या. जिल्बेर्त रोज भावाची शुश्रूषा करायला येई, तिच्या मुलांना लागण होण्याची भीती. आजारी मुलाला हलवणे धोक्याचे होते. म्हणून २९ जून १६६२ रोजी पास्कल स्वतः, इतका आजारी असताना, घर सोडून बहिणीकडे गेला. पुन्हा परतला नाही. संत एतिएन द्यु माँ चर्चचे प्रमुख धर्मगुरू फादर बरिए यांच्यापाशी त्याने पापनिवेदन केले. ख्रिस्तशरीर मिळावे असे त्याला वाटत होते, पण आजार तितका गंभीर नाही म्हणून डॉक्टर परवानगी देईनात. तेव्हा त्याने बहिणीला वेगळेच सांगितले. मस्तकाला भेटता येत नाही, तर त्याच्या शरीराचा एखादा अवयव तरी जवळ असू द्या. एक गरीब आजारी माणूस घरी आणा आणि माझ्याइतकीच त्याची सेवा करा. तेही जमेना, तेव्हा असाध्य रोग्यांच्या रुग्णालयात गरिबांच्या शेजारी मला नेऊन ठेवा, असा हट्ट धरला. डॉक्टरांनी तोही मोडून काढला.

१७ ऑगस्टच्या रात्री झटके आले. त्यातून शुद्धीवर आल्यावर फादर बरिए ख्रिस्तशरीर घेऊन आले. तो अंथरुणात अर्धा उठून बसला. त्याला ख्रिस्तशरीर आणि रुग्णाभ्यंग देण्यात आला. देवाने मला कधी सोडू नये, अशी विनवणी करून तो पुन्हा बेशुद्ध झाला. १९ ऑगस्टला पहाटे एकच्या सुमारास त्याने प्राण सोडला. वय ३९. फादर बरिए यांच्याच चर्चमध्ये त्याला पुरले.

काही दिवसांनी घरातल्या एका नोकराच्या हाताला त्याच्या कोटाच्या अस्तरात काहीतरी जाड लागले. शिवण उसवली तेव्हा आत घडी घातलेले चर्मपत्र आणि त्याच्यात एक कागद निघाला. २३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्रीचा तो मजकूर. कागदावर घाईघाईत लिहिलेला आणि चर्मपत्रावर सावकाश उतरवलेला. जवळजवळ आठ वर्षे, कोट बदलला की तो स्वतःच्या हाताने शिवण उसवून तो मजकूर नव्या कोटात शिवत आला होता आणि शेजारी बसणाऱ्या बहिणीलाही त्याचा पत्ता नव्हता. चर्मपत्र पुढे गहाळ झाले. कागद पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.